भिंग अर्धे झाकले तर?

दहावीच्या मुलांना एक प्रश्न विचारून बघा. मेणबत्ती पेटवली आहे. तिच्यासमोर बहिर्वक्र भिंग धरले आहे आणि पलीकडे पांढऱ्या पुठ्ठ्यावर मेणबत्तीची उलटी, स्वच्छ प्रतिमा पडली आहे. आता भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला. पुठ्ठ्यावर काय दिसेल?

बुधवार पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत हा प्रश्न मी दरवर्षी विचारतो. दरवर्षी बहुतेक हात एकाच उत्तराला वर जातात. अर्धी प्रतिमा दिसेल! हुशार मुले तर त्याच्याही पुढे जातात. भिंग प्रतिमा उलटी करते, म्हणून वरचा भाग झाकला तर ज्योत जाईल की मेणबत्तीचे बूड जाईल, यावर त्यांच्यात वाद लागतो. वाद चांगला रंगतो आणि दोन्ही पक्ष चुकलेले असतात.

मग आम्ही खोलीतला दिवा मालवतो आणि खरोखरच भिंगावर कागद चिकटवतो. पुठ्ठ्यावर ज्योत तशीच, वात तशीच, ओघळलेले मेणही तसेच. प्रतिमा पूर्णच्या पूर्ण. फक्त उजेड कमी झालेला. कागद वरून काढून खालच्या बाजूला लावला तरी तेच. भिंगाच्या मधोमध रुपयाचे नाणे चिकटवले तरी तेच. एखादा मुलगा उठून जवळ येतो आणि कागद नीट चिकटलाय का, म्हणून बोटाने चाचपून बघतो. असा मुलगा मला फार आवडतो. सरांवर नव्हे, डोळ्यांवर विश्वास ठेवणारा.

यात मुलांना कमी लेखण्याचे कारण नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात फ्रेड गोल्डबर्ग आणि लिलियन मॅकडर्मॉट या दोघांनी हाच प्रश्न कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारला आणि १९८७ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. भिंगाचा धडा शिकून झालेली, गणिते सोडवणारी ती मुले. त्यांच्यातल्याही अनेकांनी अर्धी प्रतिमा जाईल असेच सांगितले. तेव्हा बुधवार पेठेतल्या पोरांनी मान खाली घालायला नको. चूक सिअॅटलला होते तीच सोलापुरात होते.

ही चूक होते कशी, ते समजून घेण्यासारखे आहे. पुस्तकातल्या आकृतीत वस्तूच्या टोकापासून दोनच किरण निघालेले असतात. एक मुख्य अक्षाला समांतर जाऊन पलीकडे नाभीतून जातो, दुसरा प्रकाशीय केंद्रातून सरळ. हे दोन किरण केवळ काढायला सोपे म्हणून निवडलेले आहेत. प्रतिमा कुठे पडेल ते त्यांच्यावरून ठरवता येते, एवढाच त्यांचा उपयोग. पण ती आकृती वहीत दहा वेळा काढली की मुलाला वाटू लागते, मेणबत्तीतून दोनच किरण निघतात आणि त्यांच्या वाटेत कागद आला की संपले.

दुसरा समज त्याहून खोल आहे. आपल्याला वाटते, मेणबत्तीचे चित्र मेणबत्तीपासून अख्खेच्या अख्खे निघते, हवेतून भिंगापर्यंत जाते, तिथे उलटते आणि पुठ्ठ्यावर पडते. चादरीची घडी खिडकीतून पलीकडे सरकवावी तसे. मग खिडकी अर्धी बंद केली तर चादर अर्धीच जाणार! पण हवेतून चित्र जात नाही. जातो तो नुसता प्रकाश.

समजा, १४ एप्रिलची मोठी सभा आहे. मैदानाला चार फाटके आहेत. गावातल्या प्रत्येक वस्तीतून माणसे निघतात आणि चारही फाटकांकडे पांगतात. कोणतीही एक वस्ती एकाच फाटकाने येत नाही. आत स्वयंसेवक उभे आहेत. तुम्ही कोणत्याही फाटकाने या, ते तुम्हाला तुमच्या वस्तीसाठी दोरी बांधून राखलेल्या जागेवर नेऊन बसवतात. थोड्या वेळाने वरून पाहिले तर मैदानावर अख्ख्या गावाचा नकाशाच बसलेला दिसेल. आता दोन फाटके बंद केली. एखादी वस्ती गैरहजर राहील का? नाही. प्रत्येक वस्तीची माणसे उरलेल्या फाटकांनी आलेलीच आहेत. फक्त प्रत्येक जागेवरची गर्दी विरळ होईल.

भिंगाचे अगदी असेच आहे. ज्योतीच्या टोकावरच्या एका बिंदूपासून प्रकाश सर्व दिशांना निघतो आणि भिंगाच्या सबंध पृष्ठभागावर पडतो. भिंग त्या सगळ्या प्रकाशाला वळवून पलीकडे पुन्हा एकाच बिंदूपाशी आणते. मेणबत्तीच्या प्रत्येक बिंदूसाठी हेच घडते. म्हणजे भिंगाच्या नखाएवढ्या तुकड्यावरही अख्ख्या मेणबत्तीचा प्रकाश येत असतो आणि तो तुकडा एकटा अख्खी प्रतिमा तयार करू शकतो, अंधूक का होईना. (दाखला एका ठिकाणी कमी पडतो. माणसे बंद फाटकावरून उघड्या फाटकाकडे वळतात, प्रकाश वळत नाही. कागदावर पडलेला प्रकाश तिथेच राहतो. म्हणून तर प्रतिमा मंद होते.)

याच दाखल्यातून पुढच्या प्रश्नाचे उत्तर निघते. भिंग काढूनच घेतले तर? पुष्कळ मुले सांगतात, प्रतिमा राहील, फक्त उलटी न दिसता सुलटी दिसेल. म्हणजे भिंगाचे काम केवळ उलटवण्याचे! स्वयंसेवक काढून घ्या आणि बघा. माणसे मैदानात येतील, पण सगळ्या वस्त्यांची सरमिसळ होईल. तसाच मेणबत्तीचा प्रकाश पुठ्ठ्यावर पडतच राहतो, पण प्रत्येक बिंदूचा प्रकाश सगळीकडे. नुसता पिवळसर उजेड, चित्र कुठेच नाही. पुठ्ठा पुढेमागे सरकवला तर काय होते, हेही यातूनच कळते. मुलांना वाटते प्रतिमा लहानमोठी होईल. ती होते पुसट, कारण एकत्र आलेला प्रकाश त्या जागेच्या अलीकडे आणि पलीकडे पसरलेला असतो.

आणखी एक गंमत. पुठ्ठा काढून घेतला तरी प्रतिमा असतेच, हवेत. हातात धरायचे भिंग पूर्ण हात लांब करून धरा आणि त्यातून रस्त्यापलीकडचे घर पाहा. घर उलटे आणि लहान दिसेल. ती भिंगाच्या अलीकडे, हवेत तयार झालेली प्रतिमा आहे. भिंग म्हणजे मोठे दाखवणारी काच एवढेच ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे पाहून आश्चर्य वाटते. मोठी आणि सुलटी प्रतिमा हवी तर वस्तू भिंगाच्या नाभीय अंतराच्या आत, म्हणजे अगदी जवळ धरावी लागते. हातमागाच्या किंवा यंत्रमागाच्या कामात कापडाचे ताणेबाणे मोजायला घडीची काच वापरतात, ती म्हणून कापडावर टेकवूनच ठेवतात.

वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सर्व दिशांना जातो, ही गोष्ट नीट मांडली ती सुमारे हजार वर्षांपूर्वी, कैरोत काम करणाऱ्या इब्न अल-हैथम या विद्वानाने. त्याच्या आधी मोठमोठे पंडित म्हणत की डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून दिसते. त्याने दाखवले की प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो, डोळा काही फेकत नाही. (एवढे कळले की बाळाची नजर काढायला मीठमिरची चुलीत टाकण्याचे कारण उरत नाही. जी डोळ्यातून निघतच नाही ती लागणार कशी?) पुढे १६०४ साली योहानेस केप्लरने सांगितले की डोळ्यातील भिंगामुळे मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, बाहेरच्या जगाची उलटी प्रतिमा पडते. इथे मुले विचारतात, मग आपल्याला जग उलटे का दिसत नाही? लहान बाळाला उलटे दिसते का? नाही. पडद्यावरचे चित्र बघत बसणारा आत दुसरा कोणी नाही, त्यामुळे ते कोणाला उलटे दिसण्याचा प्रश्नच येत नाही. पडद्याकडून मेंदूला संदेश जातात. पडद्याच्या खालच्या भागाकडून आलेला संदेश म्हणजे बाहेरचे वरचे, हा हिशेब मेंदूचा.

इथपर्यंत मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. हे मला समजले आहे, असेही मानत आलो.

माझी आत्या विड्या वळायची. सूप मांडीवर, दोरा हाताशी, जन्म त्यात गेला. उतारवयात एका पावसाळ्यात ती म्हणाली, "डाव्या डोळ्याला समोरच्या माणसाचं खालचं अंगच दिसंना बघ. खालनं काळं वर चढल्यागत होतंय." आम्ही घरातल्यांनी एकच निदान केले, मोतीबिंदू. तो पिकू द्यावा, दिवाळी झाली की ऑपरेशन करू. त्या घरातल्यांत मीही होतो. दिवाळीनंतर दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टरांनी तपासून सांगितले की मोतीबिंदू किरकोळ आहे. डोळ्याच्या मागचा पडदा सुटला आहे आणि सुटून फार दिवस झाले आहेत. त्या डोळ्याची दृष्टी परत आली नाही.

अर्धे भिंग झाकले तर अर्धी प्रतिमा जात नाही, हे दरवर्षी मुलांना दाखवणारा मी. मोतीबिंदू म्हणजे काय? डोळ्यातले भिंगच गढूळ होणे. डोळ्यावर बाहेरून पडदा वाढतो ही समजूत चुकीची आहे. भिंग गढूळ झाले तर काय होईल? सगळेच चित्र धुरकट होईल, उजेडात दिपल्यासारखे होईल, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे पसरलेले दिसतील. भिंगाच्या एका भागात मोती असला तरी चित्राचा नेमका तेवढाच तुकडा कापल्यासारखा जाणार नाही, कारण भिंगाचा प्रत्येक तुकडा सगळे चित्र तयार करतो. चित्राचा भाग जातो तो पुठ्ठा फाटल्यावर. आत्याचे खालचे दिसत नव्हते, याचा अर्थ पडद्याचा वरचा भाग सुटला होता. प्रतिमा उलटी असते ना! उत्तर माझ्या आकृतीतच होते.

म्हणून मायबहिणींनो, घरातले म्हातारे माणूस "दिसत नाही" म्हणाले की एक प्रश्न जास्त विचारा. सगळे धुरकट दिसते, की काही भाग दिसतच नाही? एकेक डोळा झाकून विचारा, कारण दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो. धुरकट दिसत असेल तर मोतीबिंदू असू शकतो. तपासून घ्या, पण तो पिकण्याची वाट पाहण्याचे दिवस गेले. आता कच्चा असतानाही काढतात आणि त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. असे भिंग पहिल्यांदा बसवले ते १९४९ साली लंडनमध्ये, हॅरल्ड रिडली या डॉक्टरने. पण एखादा भाग काळा पडला असेल, पडदा ओढल्यासारखी सावली सरकत असेल, अचानक विजा चमकल्यासारखे दिसत असेल किंवा काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखे वाटत असेल, तर दिवाळी नाही, रविवारही नाही. त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. दोन्ही डोळ्यांचा एकाच बाजूचा भाग अचानक गेला तर दोष मेंदूच्या रक्तपुरवठ्यात असू शकतो. तिथे तर तासांचा प्रश्न असतो. काचबिंदू हा मोतीबिंदूचा भाऊ नव्हे. तो डोळ्याची नस खातो, बहुधा कडेकडेने आणि गुपचूप, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब मोजून घ्यावा, तो याच्यासाठी. साखरेचा आजार असणाऱ्यांनी दरवर्षी पडदा तपासून घ्यावा.

एका मुलीने मला अडवले होते. "सर, माझ्या चष्म्याची काच अर्धी झाकली की अर्धं दिसत नाही की!" बरोबर आहे तिचे. चष्मा डोळ्यापासून बोटभर पुढे असतो आणि डोळ्याची बाहुली असते ज्वारीच्या दाण्याएवढी. एका दिशेने आलेला जो प्रकाश बाहुलीत शिरतो, तो चष्म्याच्या लहानशा भागातूनच आलेला असतो. म्हणजे तिथे प्रत्येक वस्तीला आपले वेगळे फाटक असते. डोळ्याचे स्वतःचे भिंग बाहुलीला चिकटून मागेच असल्यामुळे त्याला हा नियम लागत नाही. प्रश्न विचारणारी मुलगी चष्मेवाली होती, म्हणूनच तिला हे सुचले. मुलीला चष्मा लागला तर स्थळ येणार नाही म्हणून तो दप्तरात लपवायला सांगणारी घरे मला माहीत आहेत. चष्मा न लावल्याने नंबर कमी होत नाही. फळ्यावरचे मात्र दिसत नाही.

आपल्या भाषेत तर चष्म्याला "चाळिशी" असा शब्दच आहे. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग कडक होते आणि जवळचे पाहण्यासाठी त्याला हवे तेवढे फुगता येत नाही. पेपर वाचणारा पेपर लांब धरून वेळ मारून नेतो. विडी वळणाऱ्या बाईला हात लांब करता येत नाहीत. मग दोरा सुटतो, विड्या छाटल्या जातात, डोके दुखते, आणि तिला वाटते आपण थकलो.

घरी करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. जाड पुठ्ठ्याला दाभणाच्या टोकाने बारीक, गोल भोक पाडा. एक डोळा झाका आणि दुसऱ्या डोळ्यासमोर ते भोक धरून लांबची पाटी, नाहीतर जवळची अक्षरे वाचा. भोकातून पुष्कळ स्पष्ट दिसले, तर दोष बहुधा नंबराचा आहे आणि चष्म्याने काम होईल. भोकातून प्रकाशाचा बारीक झोतच आत जातो, त्यामुळे प्रत्येक बिंदूचा प्रकाश पडद्यावर फार पसरत नाही. भोकातूनही स्पष्ट दिसले नाही, तर दोष दुसरीकडे असू शकतो. अर्थात ही परीक्षा डॉक्टरची जागा घेणारी नव्हे. नेत्रतपासणी लवकर करायची की ताबडतोब, एवढे ठरवायला तिची मदत होते. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात झाडाखाली जमिनीवर सूर्याच्या कोरी पडल्या होत्या, त्याही पानांमधल्या अशाच बारीक फटींमुळे.

अभ्यासिकेत आता मी प्रयोग दोन भागांत करतो. आधी भिंगावर काळ्या कागदाचे तुकडे चिकटवतो आणि चित्र मंद पण पूर्ण राहते. मग भिंग स्वच्छ पुसून पुठ्ठ्यालाच कात्रीने भोक पाडतो. ज्योत असते तिथे भोक दिसते. यातला मोतीबिंदू कोणता आणि पडदा कोणता, ते मुलांनी सांगायचे. यंदा नववीतल्या एका मुलीने तो फाटका पुठ्ठा, भिंग आणि उरलेली मेणबत्ती मागून घेतली. आजीला दाखवायचे म्हणाली. अजून परत आणलेले नाही.